मऊ दिसणारा बर्फ माणसाला का गाडतो? स्की किंवा स्नोशू घेऊन डोंगरात जाण्यापूर्वी

नाताळच्या सुट्टीत नागपूरहून हिमालयाकडे निघणे आता नवलाचे राहिलेले नाही. रेल्वेने दिल्ली, तिथून देहरादून, पुढे सांकरी गाव आणि मग ३,८०० मीटरहून उंच केदारकंठ, हा मार्ग आपल्याकडच्या महाविद्यालयीन मुलांना तोंडपाठ आहे. काहीजण औली किंवा गुलमर्गला जाऊन स्की शिकतात, आणि त्यांतल्या काहींना लवकरच रोपवेखालच्या तासून, दाबून तयार ठेवलेल्या उतारांपलीकडचा मोकळा डोंगर खुणावू लागतो. या मोकळ्या, कोणीही न राखलेल्या डोंगराला बॅककंट्री म्हणतात. तिथे क्रॉस-कंट्री स्की किंवा स्नोशू घालून तासन्‌तास चालता येते, आणि त्या शांततेचे आकर्षण मी पूर्णपणे समजू शकतो.

मग जानेवारी-फेब्रुवारीत बातम्या येतात. १ फेब्रुवारी २०२३ रोजी गुलमर्गच्या अफरवट शिखराच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात दगावले. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडात बद्रीनाथजवळच्या माणा गावापाशी रस्त्याचे काम करणारे ५४ मजूर हिमस्खलनात सापडले. ४६ जणांना वाचवता आले, आठ जणांचा मृत्यू झाला. अशी बातमी वाचली की घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो: व्हिडिओत इतका हलका, मऊ दिसणारा बर्फ माणसाला गाडून मारतो कसा, आणि अनुभवी माणसांनाही तो आधी ओळखता का येत नाही? याचे उत्तर समजण्यासारखे आहे. त्यासाठी सुरुवात अगदी पायापासून करावी लागते.

बर्फात पाय का रुततो

नुकत्याच पडलेल्या कोरड्या बर्फाच्या एका घनमीटरचे वजन साधारण ५० ते १०० किलो भरते. तेवढ्याच पाण्याचे वजन १,००० किलो असते. म्हणजे ताज्या बर्फात बहुतांश जागा हवेचीच असते, आणि त्यावर उभे राहिले की ती हवा दाबली जाऊन पाय खाली जातो. पाठीवरच्या सामानासह ८० किलो भरणारा माणूस एका बुटावर उभा राहिला, तर बुटाच्या तळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ३०० ग्रॅम भार येतो. मांडीपर्यंत रुतायला एवढे पुरेसे असते, आणि असा रुतणारा माणूस अर्ध्या तासात थकून जातो.

स्नोशू म्हणजे बुटाखाली बांधायची रुंद चौकट. तिचे क्षेत्रफळ बुटाच्या जवळपास चौपट असते, त्यामुळे दाब चौपटीने कमी होतो. पाय थोडा रुततोच, पण घोट्याच्या आसपास थांबतो. खाली धातूचे दात असल्याने चढावर पकडही मिळते. स्नोशू वापरायला फारसे शिकावे लागत नाही. पाय किंचित फाकवून टाकायची सवय तासाभरात होते.

टाच मोकळी असलेली स्की

दूरदर्शनवर उतारावरून वेगाने खाली येणारे जे स्कीपटू आपण पाहतो, त्यांची टाच स्कीला घट्ट बांधलेली असते. क्रॉस-कंट्री स्कीमध्ये फक्त बुटाचा चवडा अडकवलेला असतो आणि टाच उचलली जाते, त्यामुळे चालता येते. पण जी पट्टी पुढे सहज घसरते ती मागे का घसरत नाही? यामागची युक्ती सुंदर आहे. स्कीचा मधला भाग किंचित वर उचललेला, कमानदार असतो. दोन्ही पायांवर वजन विभागलेले असते तेव्हा ही कमान बर्फाला जेमतेम टेकते आणि स्की घसरत पुढे जाते. एका पायावर सगळे वजन टाकून मागे रेटा दिला की कमान दबते, तिच्या तळावरचे खवले किंवा चिकट मेण बर्फात रुतते आणि पाय मागे सरकत नाही. रेटा, घसरण, पुन्हा रेटा, अशी ही चाल असते. तीव्र चढ असेल तर स्कीच्या तळाला मागे वळलेल्या केसांची पट्टी चिकटवतात. पूर्वी त्यासाठी सीलचे कातडे वापरत, आता मोहेर लोकर किंवा नायलॉन वापरतात. अशाच स्कीवरून नॉर्वेचा शोधप्रवासी फ्रिट्यॉफ नान्सेन आणि त्याच्या सोबत्यांनी १८८८ मध्ये ग्रीनलँड आडवे पार केले. आपल्याकडून ताशी लुंडुप यांनी २०१० च्या, नदीम इक्बाल यांनी २०१४ च्या आणि जगदीश सिंग यांनी २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये भाग घेतला.

साधन म्हणून या दोन्ही गोष्टी उत्तम आहेत. मात्र त्यांच्यामुळे सुटतो तो फक्त रुतण्याचा प्रश्न. ज्या उतारावर आपण उभे आहोत तो जागेवर राहील की नाही, हा प्रश्न पूर्णपणे वेगळा आहे, आणि माझ्या मते डोंगरात जाणाऱ्याने आपली सगळी बुद्धी तिथे लावायला हवी.

बर्फ थराथरांनी साठतो

हिवाळाभर पडणारा बर्फ एकजीव होत नाही. प्रत्येक हिमवृष्टीचा एक थर बसतो, मधल्या कोरड्या दिवसांत वारा आणि ऊन त्याचा पृष्ठभाग बदलतात, मग त्यावर पुढचा थर येतो. काही थर घट्ट असतात, काही सैल. खरा धोका आतमध्ये तयार होणाऱ्या सैल थरांचा असतो.

बर्फाखालची जमीन उन्हाळ्यात साठवलेली उष्णता धरून ठेवते, म्हणून तिथले तापमान शून्य अंशाच्या आसपास राहते. वरची हवा मात्र उणे १५ पर्यंत उतरू शकते. डिसेंबरमध्ये समजा फक्त ५० सेंटिमीटर बर्फ आहे. मग तेवढ्याशा जाडीत १५ अंशांचा फरक, म्हणजे दर १० सेंटिमीटरला तीन अंशांचा फरक पडतो. हा फरक दर १० सेंटिमीटरला साधारण एक अंशाच्या वर गेला की खालच्या ऊबदार कणांतून वाफ निघून वरच्या थंड कणांवर जमू लागते. जुने, एकमेकांना धरून असलेले कण झिजतात आणि त्यांच्या जागी टोकदार, कोनदार, सुटे दाणे तयार होतात. असा बर्फ ओंजळीत घेऊन कितीही दाबला तरी त्याचा गोळा होत नाही. बोटांतून तो सरळ गळून जातो. हीच थंडी फेब्रुवारीत दोन मीटर जाडीच्या बर्फावर पडली, तर तापमानाचा फरक एवढ्या मोठ्या जाडीत विभागला जातो आणि ही प्रक्रिया मंदावते.

म्हणूनच ‘यंदा बर्फ कमी आहे, म्हणजे धोकाही कमी’ हे अनुमान चुकीचे ठरते. सुरुवातीचा पातळ बर्फ आणि कडक थंडी हीच सैल थर तयार होण्याची परिस्थिती असते. पुढे एखादा जोरदार पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळी प्रणाली, येतो आणि या सुट्या दाण्यांवर दोन-तीन दिवसांत नवा जाड थर टाकून जातो.

लादी सुटते कशी

हा वरचा थर वाऱ्याने दाबला जाऊन घट्ट, सलग होतो. त्याला आपण लादी म्हणू. आता अशी कल्पना करा की एका तिरक्या फळीवर ज्वारीचे दाणे पसरले आहेत आणि त्यांवर कडप्प्याची फरशी ठेवली आहे. फरशी काही काळ जागेवर राहील. दाण्यांची थोडी हालचाल झाली की मात्र ती तुकड्यातुकड्याने न सरकता सगळीच्या सगळी सुटेल, आणि तुम्ही तिच्यावर उभे असाल तर तुमच्यासकट जाईल. डोंगरावर नेमके हेच होते. सैल थर एका ठिकाणी कोसळतो, ती मोड आडवी पसरत जाते, लादी वरच्या बाजूला चिरते आणि क्षणार्धात पूर्ण उतार वाहू लागतो. ३० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड, एवढी लहानशी लादीही हिशेब केला तर सुमारे ६० टन भरते. कोरडे लादी-हिमस्खलन ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेग गाठू शकते.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. वाहताना बर्फाचे कण एकमेकांवर घासून चुरडले जातात, आणि प्रवाह थांबताच ते एकमेकांना सांधून घट्ट बसतात. पडताना मऊ असलेला बर्फ थांबल्यावर इतका कठीण होतो की आत अडकलेल्या माणसाला बहुधा हाताचा पंजाही हलवता येत नाही, आणि त्याला बाहेर काढायला धातूचे फावडे लागते.

‘स्नोशूमुळे वजन पसरते, मग थर का तुटावा?’

हा प्रश्न रास्त आहे. स्नोशू किंवा स्कीमुळे पृष्ठभागावरचा दाब कमी होतो, पण एकूण वजन तेवढेच राहते, आणि ते लादीतून खाली जातच असते. लादी एक मीटरपेक्षा बरीच जाड असेल तर माणसाचा भार सैल थरापर्यंत पोहोचेतो विरून जातो. पण कोणतीही लादी सगळीकडे सारखी जाड नसते. खडकाजवळ, उंचवट्यावर, कडेला ती पातळ असते, आणि तिथे पडलेले एक पाऊल पुरेसे ठरते. मोड तिथून सुरू होऊन जाड भागाखालीही पसरते. कधीकधी उताराच्या पायथ्याशी सपाटीवर चालणाऱ्याच्या पावलानेही वरचा उतार सुटतो. डोंगरात हौसेने गेलेली माणसे ज्या हिमस्खलनांत मरतात, त्यांपैकी सुमारे ९० टक्के घटनांमध्ये ते मरणाऱ्याने किंवा त्याच्याच गटातील कोणीतरी सुरू केलेले असते, ही या विषयातली सर्वांत महत्त्वाची माहिती आहे. निर्णय बहुतेक वेळा आपल्या हातात असतो, हाच तिचा अर्थ.

उतार मोजता येतो

सैल थर डोळ्यांना दिसत नाही. उताराचा कोन मात्र दिसतो आणि मोजताही येतो. बहुतेक लादी-हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुरू होतात. २५ अंशांपेक्षा कमी उतारावर ती क्वचितच सुरू होतात, आणि फार उभ्या कड्यांवर बर्फ साठायच्या आधीच झडत राहतो. ३० अंश हा कोन किती साधा असतो, ते घरी पाहता येईल. आपल्या जिन्याच्या पायरीची उंची १७ सेंटिमीटर आणि रुंदी २८ सेंटिमीटर असेल, तर त्या जिन्याचा उतार ३१ अंश होतो. मोबाइलमधले कोन मोजणारे ॲप उघडा, पायऱ्यांच्या कडांवर एक लांब काठी टेकवा आणि मोबाइल तिच्यावर ठेवून पाहा. डोंगरावरही हेच करायचे असते. काठीच्या जागी उताराच्या दिशेने वर-खाली बर्फावर टाकलेला स्कीचा दांडा घ्यायचा. आपल्याला धोका म्हटले की उभे कडे आठवतात, प्रत्यक्षात जिन्याएवढ्या चढाचे, गुळगुळीत, स्की करायला सर्वांत आनंददायी वाटणारे उतारच सर्वाधिक घातक असतात.

कोनासोबत वाऱ्याची दिशाही पाहावी. वारा एका बाजूचा बर्फ उचलून कड्याच्या दुसऱ्या बाजूला टाकतो, त्यामुळे वाऱ्याच्या आडोशाला असलेल्या उतारावर आकाशातून पडलेल्यापेक्षा कितीतरी जास्त बर्फ साचतो. ताजी हिमवृष्टी, अचानक चढलेले ऊन, शेजारच्या उतारावर नुकतेच झालेले हिमस्खलन, पावलाखालून पळत जाणारी भेग आणि चालताना खालून आलेला ‘धप्प’ असा दबका आवाज, या खुणा दिसल्या की परत फिरावे. तो ‘धप्प’ आवाज म्हणजे आपल्याखालचा सैल थर कोसळल्याचा आवाज असतो, त्यानंतर चर्चेला जागा उरत नाही.

जाणकार मंडळी याशिवाय खड्डा खणून बर्फाची परीक्षा करतात. ३० सेंटिमीटर लांब-रुंद असा बर्फाचा खांब चारही बाजूंनी मोकळा करतात आणि त्याच्या डोक्यावर फावडे ठेवून वर हाताने ठोके मारतात. पहिले दहा ठोके मनगटातून, पुढचे दहा कोपरातून आणि शेवटचे दहा खांद्यातून. कितव्या ठोक्याला, कोणत्या खोलीवर आणि कसा थर तुटला याची नोंद करतात. मनगटाच्या ठोक्यांनीच खांब एखाद्या पातळीवर कापल्यासारखा सरळ घसरला, तर तो वाईट संकेत मानतात. या परीक्षेचा उपयोग धोका ओळखण्यासाठी आहे; एका खड्ड्यात थर पक्का निघाला म्हणून पन्नास मीटरवरचा उतारही पक्का आहे, असे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

‘तिथे रोज शेकडो लोक जातात’

हा आक्षेप मी सर्वांत जास्त वेळा ऐकतो. आधीच्या पाऊलखुणा दिसल्या की मन निर्धास्त होते. परंतु सैल थर दहाव्या माणसाखाली न तुटता अकराव्याखाली तुटू शकतो, कारण अकरावा चार हात बाजूने, नेमका पातळ जागेवरून गेलेला असतो. शिवाय उतार सुटला नाही तर आपला निर्णय बरोबर होता की आपण केवळ सुदैवाने वाचलो, हे डोंगर सांगत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षांचा अनुभव असलेला माणूसही चुकीची सवय लावून घेऊ शकतो. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा-२ शिखरावर प्रशिक्षणार्थींची तुकडी हिमस्खलनात सापडून २९ जणांचा जीव गेला. ती माणसे प्रशिक्षकांसोबत होती आणि गिर्यारोहण शिकण्यासाठीच तिथे गेली होती. स्थानिक गाइड असायलाच हवा. मात्र तो आहे म्हणून आपण डोळे मिटून चालावे, असे नाही.

ओरडल्याने हिमस्खलन होते, ही समजूत चित्रपटांतून आलेली आहे. माणसाच्या आवाजाचा दाब त्यासाठी फारच अपुरा असतो. झाडीचा आधार खरा, पण ती दाट असेल तरच. जिथून स्की सहज काढता येते इतकी विरळ झाडी हिमस्खलन थोपवत नाही. झाडांच्या वरच्या बाजूच्या फांद्या मोडलेल्या आणि खालच्या बाजूच्या शाबूत दिसल्या, तर तो हिमस्खलनाचा नेहमीचा रस्ता समजावा.

गाडले गेल्यानंतरची मिनिटे

पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले तर दहांपैकी सुमारे नऊ वाचतात. अर्ध्या तासानंतर हे प्रमाण दहांत जेमतेम तिघांवर येते. मृत्यूचे मुख्य कारण थंडी नसून गुदमरणे हे असते. माण्याचे बरेच मजूर पत्र्याच्या कंटेनरमध्ये होते आणि आत हवा राहिल्यामुळे ते तग धरू शकले. मोकळ्या उतारावर असा आसरा नसतो, आणि कोणतेही बचावपथक दहा मिनिटांत पोहोचू शकत नाही. वाचवू शकतात ते फक्त सोबतचे लोक.

त्यासाठी प्रत्येकाजवळ तीन वस्तू लागतात. पहिली ट्रान्सीव्हर, म्हणजे छातीशी बांधायचे, ४५७ किलोहर्ट्‌झवर सतत संकेत पाठवणारे छोटे यंत्र. अपघात झाला की बाकीचे आपापली यंत्रे शोधण्याच्या स्थितीत टाकतात आणि गाडलेल्याचा संकेत पकडतात. दुसरी, बर्फात खुपसून नेमकी जागा शोधण्याची लांब, घडीची सळई. तिसरी, धातूचे फावडे. गटात एकाकडेच ट्रान्सीव्हर असेल तर त्याचा काहीही उपयोग नाही. मोबाइल या यंत्राची जागा घेऊ शकत नाही, उलट त्याच्या संकेतात अडथळा आणतो, म्हणून तो यंत्रापासून दूर ठेवायचा असतो. संशयास्पद उतार ओलांडावाच लागला तर एकेकाने ओलांडावा आणि बाकीच्यांनी उताराच्या खाली न थांबता सुरक्षित जागेवरून पाहत राहावे.

नागपूरहून निघण्यापूर्वी

डीआरडीओची चंदीगड येथील डीजीआरई ही संस्था हिमालयातील राज्यांसाठी हिमस्खलनाचे इशारे प्रसिद्ध करते. अमुक जिल्ह्यात अमुक मीटर उंचीच्या वर अमुक धोका, असे त्यांचे स्वरूप असते. धोक्याच्या पाच पातळ्या मानण्याची पद्धत जगभर रूढ आहे. परदेशातल्या नोंदींनुसार सर्वाधिक मृत्यू तिसऱ्या, म्हणजे मधल्या पातळीच्या दिवशी होतात, कारण चौथ्या-पाचव्या पातळीला लोक घरी बसतात आणि तिसरी त्यांना चालवून घेण्याजोगी वाटते.

आयोजकाला पैसे भरण्यापूर्वी थेट विचारावे: वाटेतल्या कोणत्या टप्प्यांवर ३० अंशांहून जास्त उतार आहे किंवा तसा उतार डोक्यावर आहे? माघारी फिरायचा निर्णय कोण घेते, आणि तो घेतला तर कोणाचे आर्थिक नुकसान होते? बुटाला लावायचे दात आणि पायमोजे यांची लांबलचक यादी पाठवणारे, पण हिमस्खलन हा शब्द एकदाही न उच्चारणारे आयोजक मी पाहिले आहेत, आणि मुलांना त्यांच्यासोबत पाठवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. नीट शिकायचे असेल तर गुलमर्गची भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था, मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था आणि उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था आहेत.

ट्रान्सीव्हरचा सराव मात्र नागपुरातच करावा. त्याच्या संकेताला बर्फ लागत नाही. चालू स्थितीतले एक यंत्र डब्यात घालून एखाद्या मोठ्या मैदानात वाळलेल्या पाचोळ्याखाली लपवावे आणि दुसऱ्या यंत्राने शोधावे. पडद्यावरचा बाण सरळ न नेता वळणावळणाने नेतो, कारण संकेताच्या रेषाच वक्र असतात. त्या वळणासोबत चालत अंतराचा आकडा कमी होत जाताना पाहायची सवय लागते. शेवटच्या तीन मीटरांत वेग कमी करून यंत्र जमिनीलगत धरायचे आणि आधी पुढे-मागे, मग डावी-उजवीकडे सरळ रेषेत फिरवून सर्वांत लहान आकड्याची जागा नक्की करायची. मित्राला घड्याळ लावून बसवावे. तीन-चार मिनिटांत डबा सापडू लागला की मग दोन डबे लपवून पाहावेत.